दवंडीत मानपान

४ सप्टेंबर, सोमवार

आला एकदाचा. तिगोर सिमांजुनताक. नव्या मालकांनी जकार्ताहून धाडलेला.

बॅग खाली ठेवायच्या आधी माझा कोड भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि सगळ्या ऑफिससमोर विचारलं, "हे गाडोगाडो कोणी कालवलंय?" सगळे हसले. आमचे मॅनेजर हेंदार्तो साहेबसुद्धा! अकरा वर्षं हेच भाज्यांचं कालवण विकून ह्या ऑफिसचे पगार निघतात.

मी हात वर केला.

"छान! मग ताई, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. खणताना जागेचा मालक हजर लागतो."

बाताक माणूस, पलीकडच्या बेटावरचा. कुजबुजला तरी रस्त्यावर ऐकू जाईल. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. काम काय, तर आमची इशारा-यंत्रणा पावसाआधी पाडून नवी उभी करायची. पाडायची!

५ सप्टेंबर, मंगळवार

डब्यातला गुडेग दिला त्याला. फणस दिवसभर शिजवलेला. एक घास खाल्ला आणि — "हे जेवण आहे की मिठाई?"

पुन्हा देणार नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आज म्हणाला, "आत्ता जे आहे ते मला दिसतंय. मुळात काय होतं ते सांगा."

सांगितलं. वर, ज्वालामुखी डोंगराच्या कुशीत, नदीकाठी आमची यंत्रं बसलेली आहेत — पाऊस मोजणारी, जमिनीची थरथर पकडणारी. राखेचा गाळ पाण्याबरोबर सुटला की त्यांना कळतं. मग खाली सगळ्यांना कळवायचं. लोंढा वाळूच्या खाणीपर्यंत यायला एक चहा सावकाश पिऊन होईल एवढाच वेळ.

मी लिहिलं तेव्हा डोळ्यांसमोर आमच्या गल्लीच्या गस्तचौकीवरचा केंतोंगान होता. पोकळ लाकूड, दोरीला टांगलेलं. वाजवणारा वाजवतो. कोण ऐकतंय, कोण झोपलंय, त्याला काय! ज्याला ऐकायचंय त्याने नाव नोंदवावं. हाक एकदाच, आणि सगळ्यांना सारखी. पुस्तकात ह्या पॅटर्नला भारदस्त नाव आहे. मी फाइलला 'दवंडी' म्हटलं. तेव्हा ऐकणारे तीन. खाणीवरचा भोंगा, गावची चौकी, तालुक्याचं ऑफिस. सगळी फाइल एका पडद्यात मावायची.

मग पर्यटकांना फिरवणारे जीपवाले आले. विमावाले आले. रेडिओ आला. प्रत्येक जण आपली एक अट घेऊन यायचा — आम्हाला रविवारी नको. आम्हाला साधा पाऊस कळवू नका, लोंढाच कळवा. आम्हाला दोनदा कळवा. अट आली की एक 'जर' घालायचा. कोणी गेलं तरी त्याचा 'जर' मागे उरायचा. काढायला कोणी धजत नाही, न जाणो कशाला टेकलेला असेल! दवंडी देणाऱ्याला आज सगळ्यांची नावं, सवयी, रुसवे तोंडपाठ आहेत. पॅटर्न कोणी मोडला असं नाही म्हणता यायचं. पाटी तीच आहे, आत दुसराच संसार थाटलाय.

हे सगळं मी नीट समजावलं. त्यावर तो — "म्हणजे लाडाने बिघडवलंत."

१३ सप्टेंबर, बुधवार

आज त्याला 'एकमेव नदी' सापडली.

मी लिहिलं तेव्हा एकच नदी होती. म्हणजे आमच्या कंत्राटात एकच. म्हणून प्रोग्रॅमभर एकच नदी, कुठूनही विचारा, तीच मिळेल. तेव्हा ते योग्यच होतं! मग शेजारची नदीही आमच्याकडे आली. तेव्हाचा सहकारी गिलांग. त्याने काय केलं, तर अख्ख्या प्रोग्रॅमची नक्कल मारली आणि दुसरीत नदीचं नाव बदललं. तेव्हापासून एकीत दुरुस्ती केली की दुसरीत राहते.

तिगोर पोट धरून हसला. "एकमेव! देवासारखी! आणि मग देवाला जुळं झालं!"

मला हसू आलं होतं. दाबलं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

आज भांडण. खरंखुरं.

त्याला रांग सापडली. ऐकणाऱ्यांच्या प्रत्येक नावापुढे एक आकडा आहे, त्या रकान्याचं नाव 'मान'. पहिल्या नंबरावर तालुक्याचे साहेब. मग त्यांचे दुय्यम. मग पोलिस, मग पर्यटन खात्याचे कोणी, असे एकेक. पहिल्याकडून 'पोचलं' असं उत्तर आलं की मगच दुसऱ्याला हाक. उत्तर नाही आलं तर थांबायचं, पुन्हा हाक मारायची, मग पुढे सरकायचं. खाणीवरचा भोंगा अकरावा.

तिगोरने पडद्यावरची नावं बोटाने मोजली. मग उठून, सगळ्यांसमोर — "ताई, नदीत माणसं आहेत. आणि तुम्ही पाहुण्यांच्या पाया पडत बसलाय?"

मी म्हटलं, हे माझं नाही. सहा वर्षांपूर्वी एकदा तालुक्याच्या साहेबांना इशारा त्यांच्या ड्रायव्हरकडून कळला. ड्रायव्हरला आधी, साहेबांना मागाहून! केवढा अपमान! हेंदार्तो साहेबांनी गिलांगला बसवून हा रकाना घालून घेतला. गिलांग आता सिंगापूरला आहे. मी दर वर्षी पावसाआधी म्हणते, काढा हे. साहेब दर वर्षी म्हणतात, बघू.

"फाइलवर नाव कोणाचं आहे?"

"मी सुरू केली म्हणून माझं."

"मग झालं तर."

हेंदार्तो साहेब तिथेच होते. खिडकीतून बाहेर बघत होते. पार्किंगमध्ये पाहण्यासारखं काय होतं देव जाणे!

१७ सप्टेंबर, रविवार

पार्जो जेवायला आला. माझा धाकटा भाऊ, ट्रक आहे त्याचा, नदीत उतरून वाळू भरतो. तळलेल्या सोयाबीनच्या टेंपेचे सहा तुकडे एकट्याने संपवले.

म्हटलं, "यंदा पावसात उतरू नकोस."

"ताई, पावसातच तर ताजी वाळू येते. उन्हाळ्यात काय दगड भरू?"

"गेल्या वर्षी —"

"गेल्या वर्षी तुझा भोंगा वाजला तेव्हा लोंढा वळणावर दिसत होता. मी भोंग्याकडे बघू की लोंढ्याकडे?" हसत होता मूर्ख. "तुझ्या त्या मशीनला सांग, जरा लवकर उठत जा."

मशीन कधीच उठलेलं असतं रे. अकरावा नंबर यायचा असतो.

१९ सप्टेंबर, मंगळवार

तिगोरला म्हटलं, पाडापाडी कशाला? रांग तेवढी काढ. दोन दिवसांचं काम. पाऊस तोंडावर आलाय.

"रांग काढली की तिच्यावर टेकलेलं सगळं पडेल. तुम्हीच म्हणालात ना, कोण कशाला टेकलंय माहीत नाही?"

माझंच बोलणं मला फेकून मारतो.

म्हटलं, "आणि तुझं नवं उभं राहीपर्यंत लोंढा थांबणार आहे का?"

"तुमचं जुनं उभं आहे, त्याने तरी कुठे थांबतोय?"

दिवसभर एकाच टेबलाशी बसलो. दोघंही आपापल्या पडद्यात तोंड खुपसून.

३ ऑक्टोबर, मंगळवार

चार आठवडे शेजारी बसून खणतोय. त्याची खुर्ची करकरते. मिरची नसलेलं काही खात नाही, खिशात त्याच्या गावच्या मिऱ्याची पुडी ठेवतो. काय काय सापडतंय! कोडमध्ये प्रत्येक यंत्राचा प्रतिनिधी बनवून देणारा एक भाग होता. दोन कंपन्यांची यंत्रं, म्हणून दोन साचे. त्यातली एक कंपनी बंद पडून जमाना झाला. साचा अजून तिथेच आहे, आणि कोणीतरी त्यात रेडिओचं वेळापत्रक कोंबलंय.

"हे इथे का?" त्याने विचारलं.

"जागा होती म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला राग येत नाही?"

येतो ना. सध्या तुझा येतो.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

त्याने आज नवी रचना मांडली. मधोमध एक टपालकचेरी. वरून इशारा आला की तिथे पडतो, प्रत्येक ऐकणाऱ्याचा आपला खण, सगळे खण एकदम भरतात. कोणी उचललं, कोणी नाही, दुसऱ्याला फरक नाही. कोणी कोणासाठी थांबत नाही. नद्या कितीही जोडा.

चांगली आहे. इथे लिहून ठेवते, तोंडाने म्हणणार नाही. माझ्या पहिल्या दवंडीच्या मनात जे होतं, ते मोठ्या घरात नेऊन मांडलंय. चोर!

मांडून झाल्यावर हेंदार्तो साहेब म्हणाले, "उत्तम. अगदी उत्तम. फक्त एक छोटीशी गोष्ट —"

मला कळलंच.

"— तालुक्याच्या साहेबांना आधी जाईल ना?"

तिगोर कडाडला. "गाळाला हुद्दा कळतो का साहेब? लोंढा विचारतो का, आपण कोण?"

हेंदार्तो साहेब हसले. "बरोबर आहे तुमचं. नक्की. नक्की."

तिगोर छाती काढून बाहेर आला. "बघितलंत? तोंड उघडलं की होतं. तुम्ही जावाची माणसं सहा वर्षं मनातल्या मनात कुढत बसलात."

आमच्याकडे 'नक्की' दोनदा म्हटलं की काम व्हायचं नसतं. मी सांगितलं नाही. का सांगू?

२० ऑक्टोबर, शुक्रवार

जकार्ताहून मालकांचा फोन आला त्याला. काचेच्या खोलीत उभा राहून बोलत होता. आधी हात उडवत, मग हात खाली.

३० ऑक्टोबर, सोमवार

घातली! नव्या टपालकचेरीत 'मानाची गल्ली' घातली, आणि त्याने स्वतः घातली! मान्यवरांचे खण आधी भरणार. त्यांची 'पोचलं' येईपर्यंत बाकीच्यांच्या खणांना कुलूप.

अकरा वर्षांचा पॅटर्न उचलून फेकला, दुसरा आणला, आणि दोन आठवड्यांत त्यालाही तेच गोचीड चिकटले. कोड बदलता येतो. साहेब तेच, ड्रायव्हर तोच, अपमान तोच, मग रचना कुठलीही आणा, तिला हाच आकार येणार.

तपासायला माझ्याकडेच आली फाइल. आमच्याकडे नियम आहे, एकाने लिहिलं की दुसऱ्याने वाचून मंजूर करायचं. उघडलीसुद्धा नाही मी. मंजूर. घे!

जाता जाता म्हटलं, "इतकं ओरडलास. शेवटी तूही वाकलास."

तो पडदा पुसत राहिला.

"तुझ्या त्या गल्लीच्या तोंडाशी कुलूप लावलेलं आहे, आणि आत माझा भाऊ उभा आहे. कळतंय का तुला?"

तेव्हाही पडदाच पुसतोय. एरवी ह्याचं तोंड बंद होत नाही!

फाइलच्या डोक्यावर अजून माझंच नाव आहे. मागे मी म्हटलं होतं, नवं तुझं आहे, तुझं नाव घाल. तर म्हणाला, राहू द्या, शिव्या कोणाला घालायच्या ते लोकांना कळायला हवं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

बोलत नाही मी त्याच्याशी. काही लागलं तर चिठ्ठी चिकटवते पडद्यावर. तोही उलटून चिठ्ठी चिकटवतो. आजची: 'ताई, तुमचं अक्षर तुमच्या कोडपेक्षा बरं आहे.'

फाडून टाकली.

८ नोव्हेंबर, बुधवार

उद्घाटन. तालुक्याचे साहेब बाटिकचा नवा शर्ट घालून. पिवळ्या भाताचा तुंपेंग, उंच शंकू, सभोवती अंडी, भाज्या, तळलेली कोंबडी. शेंडा कापून पहिलं ताट मान्यवरांना. हेंदार्तो साहेबांनी दोन्ही हातांनी दिलं, वाकून.

मग प्रात्यक्षिक. चाचणीचा इशारा सोडला. मांडवात सगळ्यांच्या हातात फोन. पहिला साहेबांचा वाजला! साहेबांनी तो उंच धरला, टाळ्या झाल्या, मग सावकाश 'पोचलं' दाबलं. मग त्यांच्या दुय्यमांचा. मग पोलिसांचा. एकेक फोन वाजतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत. खाणीवरचा भोंगा वाजला तेव्हा निम्मे लोक जेवायला बसले होते.

पार्जोही आला होता. म्हणाला, "ह्या वेगाने वाजला तर आम्ही तुंपेंगवरच बसू की ताई, नदीत कशाला!"

तिगोर एका कोपऱ्यात कोंबडीचा तुकडा चघळत होता, शांत. म्हणजे चक्क शांत. गावच्या मिऱ्याची पुडी काढली आणि आमच्या पिवळ्या भातावर ओतली. डोक्यात गेला माझ्या.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

पाऊस वर रोज आहे. इकडे ढग नुसते. पार्जो रोज उतरतोय. मी रोज म्हणते नको, तो रोज म्हणतो उद्यापासून नाही.

हेंदार्तो साहेबांकडे गेले. अकरावा नंबर निदान दुसरा करा. "बघू," म्हणाले.

२० नोव्हेंबर, सोमवार

दुपारपासून डोंगर दिसेनासा झालाय. पार्जो फोन उचलत नाही.

तोच दिवस, संध्याकाळ

जिवंत आहे. जिवंत आहे!

ट्रकचं मागचं चाक रुतलं म्हणून तो सोडून आला. ट्रक गेला. एक जीप गेली, रिकामी. खाणीतला एकही माणूस गेला नाही. चिखलात माखलेला माझ्या दारात उभा होता. म्हणाला, "ताई, आज तुझं मशीन लवकर उठलं. आम्हाला लोंढ्याचा आवाजसुद्धा आला नव्हता आणि भोंगा कोकलायला लागला. आम्ही शिव्या घालत चढलो. म्हटलं, चाचणीच असणार. वर पोचलो आणि मागून..." तिथेच उंबऱ्यावर बसला.

त्याला अंघोळीला गरम पाणी दिलं. आता स्वयंपाकघरात बसून खातोय. मी इथे बसलेय आणि एकच प्रश्न. भोंगा इतक्या लवकर वाजलाच कसा? दहा मान्यवरांनी एवढ्यात 'पोचलं' दाबलं? सोमवारी दुपारी? जेवणानंतर?

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन फाइल उघडली. मंजूर केलेली, न वाचलेली.

मानाची गल्ली आहे. व्यवस्थित आहे, कुलपं आहेत, थांबणं आहे, सगळं आहे. आणि तिच्या तोंडाशी एक ओळ: इशारा चाचणीचा असेल, तरच ह्या गल्लीने जा.

खरा असेल तर सगळे खण एकदम.

तीनदा वाचली. समारंभाला समारंभ दिलाय त्याने. नदीला नदीचं.

तो आला, माझा पडदा बघितला, खुर्ची ओढली. करकर.

"तुम्ही वाचाल म्हणून घाबरलो होतो," म्हणाला. "पण तुम्हाला माझा इतका तिटकारा, की उघडलीच नाहीत. आभारी आहे."

"मला सांगता येत नव्हतं?"

"सांगून? तुमच्या तोंडावर आलं असतं. इथली बाकीची माणसं हसून लपवतात. तुम्हाला ते जमत नाही ताई. तुंपेंग कापताना तुमचं तोंड बघितलं होतं मी. अख्ख्या मांडवाला दिसत होता तुमचा राग. त्याच्यामुळेच सगळ्यांना खरं वाटलं."

म्हणजे माझा संतापही ह्याने कामाला लावला! तीन आठवडे मी धुमसत फिरले, भावाच्या नावाने रात्री जागले, आणि ह्याला ते सोयीचं पडलं. चहाचा पेला त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. ओतला नाही. गरम होता आणि माझा होता.

२२ नोव्हेंबर, बुधवार

तालुक्याचे साहेब भडकलेत. त्यांना लोंढा ड्रायव्हरकडून कळला. पुन्हा ड्रायव्हरच! त्याचा भाचा खाणीत असतो, भोंगा ऐकून पळता पळता त्याने मामाला फोन केला. ड्रायव्हरने जेवणानंतर पडलेल्या साहेबांना हलवून उठवलं. उठून बघतात तर इशारा फोनवर कधीचा येऊन पडलेला, आणि तोच खाणीलाही त्याच क्षणी गेलेला. उद्घाटनात जे दाखवलं ते खोटं होतं का, असं विचारतायत.

किती माणसं वाचली, हे कोणी विचारत नाही.

हेंदार्तो साहेबांनी सांगितलंय, उद्या सगळ्यांसमोर ती ओळ पडद्यावर लावणार. ज्याची असेल त्याला सोमवारपासून इथे यायचं नाही, आणि कंत्राट वाचवायला तालुक्याला त्याचं नावही कळवणार. म्हणजे ह्या भागात पुन्हा काम मिळायला नको.

तिगोर टेबल आवरतोय. मिऱ्याची पुडी बॅगेत टाकली. मी विचारलं, जकार्ताला कधी? म्हणाला, "मालकांनीच 'गल्ली घाल' म्हणून बजावलं होतं. तिथे कोण घेतंय आता! गावी जाईन. आई आनंदाने ओरडेल. आवाज तिचाच आहे माझ्यात."

बरंच होईल. खुर्ची करकरायची थांबेल.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

हेंदार्तो साहेब हसत होते, म्हणजे आता दयामाया शिल्लक नव्हती. पडद्यावर ती ओळ. "ही कोणाची?"

तिगोर खुर्ची मागे सारून उठायला लागला.

"खाली बस, बाताक," मी म्हटलं. "फाइलवर नाव माझं आहे."